चार फुटांची रेघ

आंजीत कैलासला कंजूष म्हणणारे लोक आहेत, आणि ते साफ चुकतात. कंजूष माणूस खर्च करायलाच मागत नाही. कैलास खर्च करतो, फक्त पूर्ण किंमत देत नाही. त्याच्या घरचा कूलर थंडीत आलेला आहे आणि ब्लँकेटं एप्रिलात. मोटारसायकल एका मास्तरांची, बदली झाली म्हणून त्यांनी घाईत विकलेली. बायको तेवढी ऐन लग्नसराईत केली, तिथं सासऱ्यानं काही कमी-जास्त केलं नाही, असं तो चारचौघांत सांगायचा आणि सरिताला ऐकू जाईल अशा बेतानं सांगायचा.

हा गुण त्याला भाजीनं शिकवला. घरचं दोन एकर ओलिताचं, त्यात वांगी, पालक, मेथी आणि सांबार. कोथिंबिरीला आपल्याकडे सांबारच म्हणतात. उजाडता उजाडता तोडायचं, जुड्या बांधायच्या आणि वर्ध्याच्या बाजारात जाऊन बसायचं. सकाळी वीस रुपयांना जाणारी जुडी दुपारी चार वाजता पाच रुपयांनाही कोणी विचारत नाही. माल तोच, वावर तेच. वीस वर्षं त्यानं हे पाहिलं आणि मनाशी पक्कं केलं की थांबणाऱ्या गिऱ्हाइकाचंच भलं होतं. विकताना आपल्याला थांबता येत नाही, तर निदान घेताना तरी थांबावं. यात चूक काढायला तशी जागा नाही.

गावानंही त्याच्या या गुणाचा भरपूर उपयोग करून घेतला. शेगावला जायचं असो की कोणाच्या लग्नाची गाडी ठरवायची असो, माणसं कैलासच्या ओसरीवर येऊन बसत. किती जण जमले की गाडीवाला भाव उतरवतो, जेवण कुठं उरकायचं, कोणाचं तिकीट लागत नाही, हे सगळं त्याला तोंडपाठ. एसटीचे नियम तर कंडक्टरनं त्याला विचारावेत. त्याचे वडील मधुकरराव शहात्तर वर्षांचे, म्हणजे फुकट. सरिता आणि थोरली खुशी, बायांचं अर्धं. धाकटा हर्षित आठ वर्षांचा, त्याचंही अर्धं. घरात पूर्ण तिकिटाचा माणूस मी एकटाच, असं तो म्हणायचा, आणि स्वतःवर थोडा नाराज असल्यासारखा म्हणायचा.

खुशी एसटीत सात वर्षांची होईपर्यंत चार वर्षांचीच होती. पाचच्या आतल्या लेकराला तिकीट नाही. कंडक्टर जवळ आला की कैलास नुसता तिच्याकडे बघायचा आणि ती चार बोटं वर करायची. कोणाला संशय यायचा नाही, कारण ती दिसायचीच तेवढी. घरी आल्यावर आजोबांना ती कंडक्टरची नक्कल करून दाखवी आणि सगळं घर हसे. त्या हसण्यात कैलासचा आवाज सगळ्यात मोठा असायचा.

ती एवढीशी का दिसते हे मात्र घरात सगळ्यांना माहीत होतं. खुशीला सिकलसेल होता. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, कुठंतरी अडकून बसतात, आणि मग हात, पाय, पाठ, पोट असं काही दुखतं की लेकराला रडायचंही बळ राहत नाही. आईबाप दोघांच्या रक्तात तो लपून असतो, त्यांना काही होत नाही, आणि त्यांच्या पोरीला तो मिळतो. कैलास-सरिताच्या लग्नात पत्रिका दोन ठिकाणी दाखवल्या होत्या. रक्त दाखवायचं कोणाला सुचलं नाही. हर्षित यातून सुटला, खुशी सापडली, आणि याचा राग कोणावर काढावा हे आजवर कोणाला उमगलेलं नाही.

बारा वर्षांची, सातवीतली पोरगी, पण चौथीच्या रांगेत उभी केली तर शोभून दिसेल. खेळाच्या तासाला ती दप्तरं राखत बसायची. विहिरीवर जायचं नाही, पावसात भिजायचं नाही, होळीला पाणी खेळायचं नाही. नाही नाही ऐकतच ती वाढली, पण रडवी नव्हती. उलट बोलण्यात फार पक्की. दवाखान्यात सुई टोचायला आलेल्या नर्सला कोणती शीर चांगली ते तीच सांगायची.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तिची मामेबहीण मयुरी सिंदी मेघेहून आली होती. नागपूरच्या अलीकडे, हायवेपासून आत, पाळण्यांचं आणि पाण्याचं मोठं पार्क आहे. मयुरी तिथं जाऊन आली होती आणि तिच्या फोनमध्ये रोलर कोस्टरचा व्हिडिओ होता. खुशीनं तो इतक्यांदा पाहिला की फोन तापला. शेवटी तिनं विचारलं की खाली येताना नेमकं काय होतं. मयुरी म्हणाली की आपण खाली येतो आणि पोट वरच राहतं. खुशी उठून थेट वावरात गेली. कैलास वांग्याला पाणी देत होता.

“बाबा, मले त्या रोलर कोस्टरवर बसाचं आहे.”

कैलास म्हणाला, “भेव लागन तुले.”

“लागू द्या. माह्या पोटात नुसतं दुखूनच राह्यते. दुसरं काई होते का, ते पाहाचं आहे मले.”

कैलासनं तिथल्या तिथं हो म्हटलं. त्यानं त्याच आठवड्यात पाचही जणांना घेऊन निघायला हवं होतं. पैसे नव्हते असं नाही. वांग्याला त्या साली भाव बरा होता. पण पूर्ण तिकीट देऊन दिवाळीच्या गर्दीत जाणं त्याच्या हाडात नव्हतं. तो बेत आखायला बसला. त्याला वाटलं, पोरगी कुठं जाते आहे.

पहिल्या वर्षी उन्हाळ्याचा भाव चढा निघाला, शिवाय डॉक्टर मॅडमनी आपल्याकडचं ऊन तिला झेपायचं नाही असं बजावलं. दुसऱ्या वर्षी त्यानं शोधून काढलं की वीस माणसं जमली तर तिकीट बरंच उतरतं. मग तो गल्लीत फिरला, एकेकाला पटवलं, शेजारच्या धुरपताबाईंना नातवासकट तयार केलं, आणि हिवाळा सरता सरता वीस जण पुरे केले. निघायच्या आदल्या दिवशी खुशीच्या पाठीत दुखायला लागलं आणि तिला वर्ध्याच्या दवाखान्यात भरती करावं लागलं. बाकीच्यांचे पैसे भरलेले. कैलासनं आपल्या पाच जागांवर दुसरी माणसं घातली, सकाळी गाडी स्वतः उभं राहून भरून दिली आणि तिथून दवाखान्यात गेला. संध्याकाळी धुरपताबाईंच्या नातवानं फोन करून खुशीला सगळं रंगवून सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं आणि फोन ठेवताना फक्त एवढंच विचारलं की पोट खरंच वर राहतं का.

तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात डॉक्टर मॅडमनी सरिताला बाजूला घेतलं. रक्त आता लवकर लवकर द्यावं लागेल, छातीला जपा, आणि मुलीला जे आवडतं ते करू द्या, पुढं ढकलू नका, असं त्या म्हणाल्या. पाळण्यात बसवायला त्यांची ना नव्हती. थंड पाणी नको, पाणी भरपूर पाजा, गरम कपडे घाला, दमवू नका. त्याच दिवशी तिची उंचीही मोजली, चार फूट आणि वर बोटभर. खुशी खूश झाली. रोलर कोस्टरला चार फूट लागतात हे तिला मयुरीनं कधीच सांगून ठेवलं होतं.

सरिता कधी नवऱ्याच्या हिशेबात तोंड घालत नसे. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवरच ती म्हणाली, “आता थांबू नका. लागतीन तितके पैसे लागू द्या.”

कैलास हो म्हणाला आणि पुन्हा थांबला. संक्रांतीनंतर मधल्या वारी पाण्याचा भाग बंद असतो, म्हणून तिकीट जवळपास अर्ध्यावर येतं, असं त्याला कळलं होतं. पाणी बंद म्हणजे पोरीला थंडी बाधायची भीतीही नाही. त्याला तर हा बेत देवानंच जुळवून दिला असं वाटलं. नोव्हेंबरपासून संक्रांत म्हणजे दोन महिने. त्या दोन महिन्यांत खुशीला दोनदा रक्त चढवलं. त्याचं पोरीवर प्रेम नव्हतं असं म्हणणाऱ्याच्या मी तोंडालाही लागणार नाही. कोणी मागितलं असतं तर त्यानं दोन्ही एकर तिच्यावरून ओवाळून टाकले असते. पण तसं कोणी मागत नव्हतं, आणि माया करायची त्याला माहीत असलेली रीत ही एकच होती, की पोरीची गोष्ट आपण घासाघीस करून, नीट जुळवून आणायची.

शेवटी बुधवार उजाडला. भाजी तोडायला एक दिवस सुट्टी, ही त्या घरात नवलाची गोष्ट. आंजीहून वर्धा, वर्ध्याहून नागपूरची बस. खुशीच्या अंगात दोन स्वेटर, कानाला रुमाल. तिकीट काढताना कंडक्टरनं तिचं वय विचारलंही नाही, तरी तिनं जुन्या सवयीनं चार बोटं दाखवली आणि मधुकरराव ठसका लागेपर्यंत हसले. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, म्हणून फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली बसून पोळ्या आणि वांग्याची भाजी खाल्ली. ऊन कोवळं होतं. सगळं बेताप्रमाणे चाललं होतं.

फाटकाशी एक लाकडी फळी उभी होती आणि तिच्यावर चार फुटांवर लाल रेघ. इथं वय विचारत नव्हते. रेघेच्या वर डोकं गेलं की पूर्ण तिकीट आणि मनगटाला निळी पट्टी. खाली राहिलं की अर्धं तिकीट आणि पिवळी पट्टी. सरिता आणि मधुकरराव हर्षितला घेऊन पुढं गेले. खुशी फळीशी उभी राहिली, स्वेटर खाली ओढून, मान ताठ करून. रखवालदार हातातली पट्टी घेऊन वळला, तेवढ्यात कैलास तिच्या कानाशी वाकला.

“जराशी वाक,” तो म्हणाला.

खुशीनं त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यानं नुसतं बघितलं तरी तिला कळायचं. आज त्याला बोलावं लागलं. तिनं फ्रॉकच्या आत गुडघे थोडे मुडपले. रखवालदारानं डोक्यावर हात टेकवला, रेघ पाहिली आणि तिच्या मनगटाला पिवळी पट्टी बांधली. कैलासचे चारशे रुपये वाचले. आधीच अर्ध्यावर आलेल्या तिकिटाचंही अर्धं, याचा त्याला इतका आनंद झाला की आत जाताना तो चक्क शीळ घालत होता.

आत खुशीनं काय केलं, तर काहीच केलं नाही. बाप जसा पैसा राखतो तशी तिनं ताकद राखली. हर्षित या पाळण्यातून त्या पाळण्यात उड्या मारत होता. ती आजोबांबरोबर उन्हात बाकावर बसून घोट घोट पाणी पीत होती. सरितानं लहानशा आगगाडीत बसायला सांगितलं, तर म्हणाली की नको, दमले तर तिकडं जाता येणार नाही. तीन वाजता उन्हाचा जोर असताना रांगेत लागायचं हे तिनंच ठरवलं होतं. बरोबर तीनला ती उठली आणि कैलासला घेऊन निघाली. रांग पाऊण तासाची होती. ती एकेक पाऊल जपून टाकत होती आणि वरून गाडी खाली आली की माणसांच्या ओरडण्याकडे मान वर करून बघत होती.

त्यांचा नंबर आला. तिथल्या माणसानं तिच्या मनगटाकडं पाहिलं आणि हिंदीत सांगितलं की पिवळी पट्टी चालत नाही. कैलास म्हणाला की ती चार फुटांच्या वर आहे, मोजून घ्या. माणूस म्हणाला की मोजणं फाटकावर होतं, पट्टी तिथंच बदलून मिळते, मी पिवळ्याला बसवलं तर माझी नोकरी जाते. तो उद्धट नव्हता, कामाला कंटाळलेला होता. कैलासनं खिशातून पैसे काढले; पूर्ण तिकिटाचे, मग त्याच्या दुप्पट. जन्मात पहिल्यांदा तो भाव चढवत होता. मागची माणसं पुढं सरकू लागली. खुशी बाजूला झाली.

तिला कठड्यावर बसवून कैलास पळत फाटकाशी गेला. तिथं सांगितलं की मुलगी इथं आणा, मोजल्याशिवाय पट्टी बदलत नाही. तो पळत परत आला. पोरगी बसल्या जागी गुडघ्यांना विळखा घालून बसली होती, आणि तिचा चेहरा पाहूनच त्याला कळलं. उभं राहून राहून पायांत सुरू झालं होतं. तो म्हणाला की आईला बोलावतो, जाऊ परत. ती नाही म्हणाली. आधी पट्टी, म्हणाली.

त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि सगळं पार्क ओलांडून फाटकाशी नेलं. फळीशी उतरवलं. रखवालदार तोच होता, त्यानं ओळखलंही. खुशी रेघेकडं पाठ करून उभी राहिली, पण गुडघे सरळ होईनात. तिनं फळीचा आधार घेतला, ओठ दाताखाली धरले, टाच टेकवायचा प्रयत्न केला. डोकं रेघेच्या खालीच.

“सरळ उभी राह्य, बेटा,” कैलास म्हणत होता. “जराशी. एकच मिनिट सरळ राह्य.”

“आता नाई वाकून राह्यली मी, बाबा,” ती म्हणाली. “खरंच नाई.”

रखवालदारानं मान हलवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

रुग्णवाहिकेतून तिला वर्ध्याला आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑक्सिजनची नळी नाकाला लावलेली, सलाइन चालू. सरिता उशाशी बसून तिचे केस नीट करत होती, आणि तिची नजर मनगटावर गेली. पिवळी पट्टी अजून तशीच होती. ती कापायचं कोणाला सुचलं नव्हतं.

“चार फुटाच्या वर असून पिवळी काऊन देल्ली इले त्यानं?” तिनं कैलासला विचारलं.

कैलासनं तोंड उघडलं. सांगणार होता तो, हे मी त्याच्या बाजूनं नक्की सांगतो. पण डोळे मिटलेली खुशी त्याच्या आधी बोलली.

“त्यानं बराबर नाई मोजलं, आई. मी सरळच उभी होती.”

कोणी नजरेनं खुणावलं नव्हतं. हे तिनं स्वतःच्या मनानं केलं, आणि नेहमीसारखंच इतकं सहज केलं की सरिताला संशय आला नाही. कैलासनं तोंड मिटलं. नंतर बोलू, बरी झाली की बोलू, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

आजार छातीत उतरला. नवव्या दिवशी दुपारी खुशी गेली. डॉक्टर मॅडमनी दोघांना समोर बसवून सांगितलं की हे घरी बसूनही झालं असतं, रांगेला दोष देऊ नका. ते खरंच असेल. पण एवढं दुखत असताना तिला जे एक बघायचं होतं ते बघायचं राहिलं, आणि त्याबद्दल मॅडमना काही सांगता येण्यासारखं नव्हतं.

आता घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सरिता त्या रखवालदाराची गोष्ट सांगते. त्यानं नीट मोजलं असतं तर माझी पोरगी बसली असती, म्हणते. शेगावच्या गाडीचं विचारायला आता ओसरीवर कोणी येत नाही, आणि आलं तरी कैलास उठून वावरात जातो. महिनाभर त्यानं हे ऐकलं. मग एका सकाळी दोघं सांबार तोडत असताना त्यानं धीर केला. हातातला विळा खाली ठेवला आणि म्हणाला की सरिता, त्या फाटकावरच्या माणसाचं तुला काही सांगायचं आहे.

“त्याचं नावही काढू नका माह्यासमोर,” सरिता म्हणाली. तिनं मान वर केली नाही. “माही हाय लागन त्याले. त्याच्या डोळ्यासमोर त्याचं लेकरू जाईन.”

कैलासनं खाली ठेवलेला विळा उचलला.

“लागली असन,” तो म्हणाला, आणि पुढची जुडी बांधायला घेतली.